सात वेळा वाचलं, पण आठवतंय काय?

रविवारी सकाळी आमच्या माहेरच्या ग्रुपवर ताईने एक मेसेज टाकला. ‘दहावी-बारावीच्या पालकांनी जरूर वाचा. जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली स्मरणशक्तीची 9 रहस्ये.’ खाली जोडलेले हात, मेंदू आणि एक रॉकेट. हाच मेसेज त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या आईनेही ‘मॅडम, हे खरं का?’ असं विचारून पाठवला होता. मी दुर्लक्ष केलं. अठरा वर्षं घरी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्यावर माणूस असल्या रॉकेटांना सरावतो.

पण ताईने तो नुसता पुढे ढकलला नव्हता. तिने त्याची अंमलबजावणी सुरू केली होती, आणि भाची यंदा दहावीला आहे.

नऊच्या नऊ मुद्द्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरं नुकसान चौथा मुद्दा करतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तो असा: ‘एक धडा एका बैठकीत सलग 7 वेळा वाचावा. सातव्या वाचनाला सगळे ओळखीचे वाटू लागले की धडा मेंदूत कायमचा कोरला गेला. तोपर्यंत मुलांना प्रश्न विचारू नयेत. उत्तर चुकले तर चूकच कोरली जाते व आत्मविश्वास खचतो.’

संध्याकाळी मी ताईकडे गेले तेव्हा भाची विज्ञान भाग 1 चा पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण, सातव्यांदा वाचत होती. समास गुलाबी-पिवळे झाले होते. ‘मावशी, हा पूर्ण झाला,’ ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मी पुस्तक मिटलं, तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि केप्लरचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम लिहायला सांगितले.

तिने लिहिलं, ‘ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते.’ पेन थांबलं. सूर्य कुठे असतो? ‘मध्ये?’ दुसऱ्या नियमात तिला ‘समान’ हा शब्द आठवत होता, पण काय समान ते नाही. तिसऱ्याला ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. ‘मावशी, तो नियम ना, डावीकडच्या पानावर आहे, आकृतीच्या खाली. मी त्याला हिरवा केलाय.’

पानावरची जागा आठवत होती, रंगसुद्धा आठवत होता. नियम तेवढा नव्हता.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, तू दरडावलंस म्हणून घाबरली ती.’ मी दरडावलं नव्हतं. (थोडं दरडावलं असेन.) पण पोरगी घाबरून विसरली नव्हती, तिला ते मुळात येतच नव्हतं. आणि येत नाही हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नात एक गृहस्थ समोर येऊन ‘ओळखलंस का मला?’ असं विचारतात तेव्हा काय होतं? चेहरा शंभर टक्के ओळखीचा असतो आणि नाव काही केल्या ओठावर येत नाही. सातव्या वाचनाला धड्याचा चेहरा तसाच ओळखीचा होतो. बोर्डाच्या पेपरात चेहरा समोर नसतो, तिथे नाव सांगायचं असतं.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर सोडा. पण 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं, आणि त्यांचे आकडे या मेसेजसारखे हवेतले नाहीत. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्रातल्या पाणमांजरावरचा. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत उतारा नुसता वाचला. त्यांची सरासरी चौदा वाचनं झाली, म्हणजे आमच्या मेसेजच्या दुप्पट. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला, साधारण साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चौदा वेळा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. म्हणजे पेपर पाच मिनिटांनी असेल तर मेसेज बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागतं. परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी उभं राहून शेवटची पानं चाळणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे 40 वर उतरले होते आणि आठवून लिहिणारे 61 वर होते.

याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना विचारलं होतं, आठवड्यानंतर तुम्हाला हे कितपत आठवेल? सर्वांत जास्त खात्री होती नुसतं वाचणाऱ्यांना, आणि तेच सर्वांत मागे पडले. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा अंदाज बांधणं, त्याप्रमाणे अभ्यास वळवणं, याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लेवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात तो शब्द रुळवला. या अंदाजाची गंमत अशी की वाचणं जितकं सोपं होत जातं तितकं ‘आलं, आलं’ वाटतं. सोपेपणा असतो डोळ्यांना, आणि आपण तो जमा करतो स्मरणशक्तीच्या खात्यात. मेसेज तर सांगतो की याच भावनेवर विसंबून पान उलटा.

‘चूक कोरली जाते’ यातही अर्धी गोष्ट खरी आहे. चुकलेलं उत्तर कुणी तपासलंच नाही तर ती चूक खरंच डोक्यात घर करू शकते. म्हणून लिहून झालं की लगेच पुस्तक उघडून ताडून बघायचं, एवढाच त्यावरचा उपाय. प्रश्नच विचारायचे नाहीत हा उपाय नव्हे. वरच्या प्रयोगात तर मधल्या फेऱ्यांमध्ये कुणाला बरोबर उत्तरं सांगितलीसुद्धा नव्हती, तरी आठवून लिहिणारे पुढे राहिले.

आता कुणी म्हणेल, ते कॉलेजातले अमेरिकन, आमची पोरं शाळेतली. बरं. इलिनॉयमधल्या एका शाळेत सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या नेहमीच्या वर्गात हेच करून पाहिलं, 2011 मध्ये ते छापून आलं. ज्या भागावर अधूनमधून छोट्या चाचण्या घेतल्या होत्या तोच मुलांना नंतर जास्त आला. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या आजोबांच्या घरी दिवेलागणीला परवचा व्हायचा. शुभंकरोती झालं की पाढे, पावकी, निमकी, दिडकी. पुस्तक कुणाच्या हातात नसे. अडखळलात की आजोबा झोपाळ्यावरून फक्त ‘हं?’ म्हणत आणि मागून सुरुवात करावी लागे. आपण त्याला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतो, पण ती रोजची तोंडी परीक्षा होती, चूक तिथल्या तिथे पकडणारी. त्या परवचात समज किती होती यावर मी भांडेन, पण सत्तरीतल्या आईला पाऊणकी अजून येते.

‘एका बैठकीत सलग’ याचाही हिशेब 1885 सालीच झालेला आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरं पाठ करून. त्याचं निरीक्षण असं की तपासणीच्या आदल्या एका दिवसात 68 वेळा घोकून जो फायदा झाला, तोच आधीच्या तीन दिवसांत विभागून 38 वेळा घोकून झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या कष्टात. भाचीने तीच सात वाचनं चार दिवसांत पसरली असती, त्यातली पाच पुस्तक मिटून केली असती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

उरलेले मुद्दे भराभर.

‘वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20, पाहिलेले 30, केलेले 90 टक्के लक्षात राहते.’ इतके गोल आकडे एकाही खऱ्या प्रयोगातून निघत नाहीत. बाजारात भाजी घेतली तरी हिशेब इतका गोल येत नाही. हे आकडे बहुतेक वेळा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या शंकूसोबत फिरतात, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची उतरंड दाखवणाऱ्या आकृतीसोबत. डेल यांनी 1946 च्या पुस्तकात तो शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. ते नंतर कुणीतरी चिकटवले. आणि काय वाचलं, कुणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, यातलं काहीच न सांगता ‘10 टक्के’ म्हणजे कशाचे?

‘आपण मेंदूचा फक्त 10 टक्के वापर करतो.’ शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव आपली सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के खोल्या बंद असलेल्या घराचं विजेचं बिल इतकं येत नाही.

‘प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य किंवा कृतिप्रधान असते, बोटांच्या ठशांवरून ते कळते.’ इथे माझा आवाज चढतो, कारण ताईने यावर साडेतीन हजार रुपये घालवलेत. कुणीतरी मॉलमध्ये टेबल मांडून बसलं होतं. दहा बोटांचे ठसे घेतले आणि तीस पानांचा रंगीत अहवाल दिला: मुलगी ‘श्रवणप्रधान’. तेव्हापासून ती भूगोलाचा ब्राझील कानात इयरफोन घालून ऐकते, नकाशा न बघता! ॲमेझॉनचं खोरं कानाने कसं दिसणार? बोटांवरच्या रेषा जन्माच्या कितीतरी आधी, पोटात असतानाच ठरतात. दहावीचा अभ्यास कसा करावा हे त्यांना ठाऊक नसतं. राहिला दृश्य-श्राव्य अशा शिकण्याच्या ‘शैली’चा सिद्धान्त. त्यातला खरा दावा असा की श्राव्य मुलाला ऐकवून आणि दृश्य मुलाला दाखवून शिकवलं तर दोघं जास्त शिकतात. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा या दाव्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, ते कुणी नाकारत नाही. मलाही शिरा आवडतो, म्हणून तो माझ्या पचनाचा प्रकार ठरत नाही.

‘पहाटे 4 ला वाचलेले तिप्पट लक्षात राहते.’ तिप्पट कशाच्या? शिकल्यावर झोप मिळाली की विसरणं कमी होतं, हे 1924 पासून माहीत आहे. पण त्यात श्रेय झोपेचं आहे, घड्याळाचं नाही. जी मुलगी नऊला झोपते तिने खुशाल चारला उठावं. आमची साडेअकराला झोपते, कारण शिकवण्यांवरून घरी यायलाच तिला साडेआठ होतात. तिला चारला उठवणं म्हणजे झोपेतून चोरून अभ्यासाला देणं.

‘प्रत्येक धड्याचे अक्षरसूत्र बनवा.’ हे मला आवडतं, कबूल. तानापिहिनिपाजा मी शाळेत शिकले ते आजही विसरलेले नाही. लहान, ठरलेल्या क्रमाच्या यादीला सूत्र छान चालतं. पण त्याने रंगांचा क्रम कळतो, इंद्रधनुष्य का पडतं ते नाही. जॉन डनलॉस्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तोलल्या. त्यात शब्दांच्या जोड्या जुळवून पाठ करणं, हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं, सगळं खालच्या पायरीवर गेलं. वरच्या पायरीवर दोनच उरल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं.

‘बदाम खा.’ बदाम चांगलेच असतात. जपानी शास्त्रज्ञ कोण, ते मेसेजला माहीत नाही, मलाही नाही.

हे सगळं मी ग्रुपवर जरा सौम्य शब्दांत टाकलं. ताईने अंगठा दिला. आईने ‘छान माहिती’ लिहिलं. अर्ध्या तासाने काकूने शंखपुष्पीचा व्हिडिओ टाकला.

भाचीला मात्र मी वेगळं सांगितलं होतं. आज कागद लिहू नकोस, उद्या शाळेतून आल्यावर पुस्तक न उघडता लिही. वाचल्यावर लगेच स्वतःला तपासलं तर सगळं आल्यासारखं वाटतं, मध्ये वेळ गेला की स्वतःबद्दलचा अंदाज खरा येतो. ती नाराज होती. ‘मग काहीच आठवणार नाही.’ तेच तर बघायचंय, म्हटलं.

मंगळवारी कागदाचा फोटो आला: पहिला नियम पूर्ण, सूर्य ‘नाभीवर’, दुसरा अर्धा, तिसऱ्याच्या जागी एक मोठं प्रश्नचिन्ह. शुक्रवारी दुसरा आला. दुसरा नियम जमला होता. तिसऱ्यात ‘आवर्तकालाचा घन’ लिहून खोडलेलं, वर ‘वर्ग’ केलेलं, पुढे ‘अंतराचा वर्ग’ खोडून ‘घन’. कडेला बारीक अक्षरात: ‘मावशी, पाच मिनिटं लागली. पुस्तक नाही उघडलं. रंग नाही आठवला.’