पाकिटामागचं वाचा म्हणे!

2024 मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातलं सतरावं म्हणतं, पाकिटावरची माहिती वाचा आणि मग काय खायचं ते ठरवा. वाचतो की! पण छापता कुठे? मागच्या बाजूला, चिकटवलेल्या पट्टीच्या घडीत, चकचकीत कागदावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तेही बहुतेकदा इंग्रजीत.

भिंग लावून वाचलं तरी फसगत आहेच. दिवसाच्या मर्यादेचे टक्के दिलेले असतात 'एका सर्व्हिंग'चे, म्हणजे एका वेळी खायच्या वाट्याचे, आणि सर्व्हिंग केवढं ते ठरवते कंपनी. समजा बिस्किटांत 100 ग्रॅममागे 24 ग्रॅम वरून घातलेली साखर आहे. सर्व्हिंग 15 ग्रॅमचं, म्हणजे दोन बिस्किटं. साखर 3.6 ग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या जेमतेम 7 टक्के. वाचणारा खूश! अहो, चहाबरोबर दोन बिस्किटांवर थांबतं कोण? 75 ग्रॅमचा पुडा संपला की साखर गेली 18 ग्रॅम, सपाट चार चमचे.

आणि हे 7 टक्के तरी कशाचे? लेबलच्या नियमात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा धरलीय 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ही कमाल पातळी, 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर आणखी बरं. 25 धरले तर तोच आकडा होतो 14. सोयीचा आकडा कुणाच्या सोयीचा, ते वेगळं सांगायला नको.

मिठाचं तर विचारूच नका. लिहितात सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा, हजाराने भागा, तेव्हा ग्रॅममध्ये मीठ कळतं. 1000 मि.ग्रॅ. सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, दिवसाच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेच्या निम्मं. किराणा दुकानात उभं राहून कोण करणार हे गणित?

पुढच्या बाजूला मात्र ठळक 'मल्टिग्रेन'. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावं बघा: मैदा, साखर, पामतेल. नाचणी शेपटाला, 2 टक्के.

चिलीने 2016 मध्ये पाकिटाच्या पुढेच काळे अष्टकोन छापायला लावले: 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. शाळकरी पोरालाही कळेल. आपल्याकडे 2022 मध्ये नियमाचा मसुदा आला तो ताऱ्यांचा: पदार्थ जितका चांगला, तितके पाकिटावर तारे जास्त! त्यात साखर-मिठाचे वजा गुण सुकामेवा, तंतू, प्रथिनांच्या गुणांनी भरून काढायची सोय. म्हणजे साखर तेवढीच ठेवा, वर थोडे बदाम भुरभुरा, की वाढला अर्धा तारा.