ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे नव्हे

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा, की ‘इच’ म्हणजे माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग प्रत्येक टँकमध्ये असतोच, त्यामुळे घाबरू नये. माशांना लसूण चोळलेले खाद्य द्यावे, टँकमध्ये क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरची घाण वेचणारी कोळंबी) सोडावी, पाण्याचे तापमान 30 अंशांपर्यंत वाढवावे, म्हणजे आठवड्यात ठिपके जातात. तांब्याचे औषध हे मात्र विष असल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. या संदेशामुळे नवख्या पाळणाऱ्यांचे मासे मरताना मी पाहिले आहेत, म्हणून त्यातील एकेका विधानाचा विचार करणे मला आवश्यक वाटते.

ठिपके आठवड्यात जातात, हे विधान खरे आहे आणि नेमके म्हणूनच ते सर्वांत घातक आहे. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तो साधारण 3 ते 7 दिवस तिथे पोसला जातो. आपल्याला दिसणारा मिठाच्या कणाएवढा ठिपका म्हणजे ही अवस्था. पोट भरले की तो, बहुधा अंधारात, आपणहून मासा सोडतो, वाळूवर किंवा खडकावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. त्या कवचाच्या आत विभाजन होत राहते, आणि काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, त्यातून दोनशेच्या आसपास नवी पिले पोहत बाहेर पडून मासा शोधू लागतात. म्हणजे ज्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो, त्या दिवशी परजीवी मेलेला नसतो, तर टँकच्या तळाशी त्याची संख्या वाढत असते. लसूण दिला नसता, श्रिंप सोडली नसती, तरी ठिपके त्याच दिवशी गेले असते. माझ्याच टँकमध्ये एका पावडर ब्लू टँग माशाच्या अंगावरचे ठिपके सहाव्या दिवशी नाहीसे झाले होते, आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच्यासह पाच मासे मी गमावले. दुसरी लाट बहुतेकदा कल्ल्यांवर बसते, तिथे ठिपका दिसत नाही. मासा फक्त धापा टाकतो, पंपाच्या प्रवाहाशी उभा राहतो आणि खाणे सोडतो.

‘प्रत्येक टँकमध्ये असतोच’ हे विधान तर मुळातच चुकीचे आहे. हा परजीवी माशावाचून जगू शकत नाही. कवचातून बाहेर पडलेल्या पिलाला काही तासांत मासा मिळाला नाही, तर त्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, आणि एक-दोन दिवसांत ते मरते. त्यामुळे ज्या टँकमध्ये प्रत्येक मासा वेगळा ठेवून, तपासून, उपचार करूनच सोडला गेला आणि ज्यात दुसऱ्या टँकचे ओले खडक, कोरल किंवा पाणी आले नाही, तिथे हा परजीवी आपोआप उत्पन्न होत नाही. ताण आला की रोग होतो, असे म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, कारण आधीच्या संसर्गातून वाचलेल्या माशाला काही काळ अपुरी प्रतिकारशक्ती येते आणि कल्ल्यांत थोडेफार परजीवी राहून जातात. ताण आला की ते उफाळतात. पण उफाळण्यासाठी ते आधी टँकमध्ये असावे लागतात.

लसणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याच्या वासाने काही मासे खायला येतात, एवढा लाभ मी नाकारत नाही; त्याने परजीवी मरतो याला आधार नाही. क्लीनर श्रिंप त्वचेवरची घाण आणि बाहेर चिकटलेले काही परजीवी वेचते, परंतु इचचा परजीवी त्वचेखाली असतो, तिथे तिचे चिमटे पोहोचत नाहीत.

तापमान वाढवण्याचा सल्ला गोड्या पाण्याच्या इचवरून आला आहे. तो परजीवी वेगळ्या कुळातला आहे, केवळ ठिपके सारखे दिसतात. मुंबईत मे महिन्यात चिलर नसलेल्या टँकचे पाणी हीटर न लावताच 30 अंशांपर्यंत जाते, आणि तिथेही इच होतो. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तोही अशा वेळी, की जेव्हा माशाचे कल्ले आधीच सुजलेले असतात.

आता तांबे. ते विषारी आहे, यात शंका नाही. कोरल, श्रिंप आणि शंख-शिंपले त्याने मरतात, शार्क आणि रे (पाकट मासे) यांनाही ते सोसत नाही. म्हणून मुख्य टँकमध्ये ते कधीही टाकू नये. पण वाळू व खडक नसलेल्या वेगळ्या टँकमध्ये, जिथे चुनखडी ते शोषून घेणार नाही, साधे आयनिक तांबे लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम इतकेच ठेवून, रोज चाचणी किटने मोजून, किमान 3 ते 4 आठवडे ते टिकवले, तर बहुतेक मासे ते सोसतात. इतके दिवस लागण्याचे कारण असे, की त्वचेखालच्या आणि कवचातल्या परजीवीपर्यंत तांबे पोहोचत नाही, ते मारते फक्त पोहणाऱ्या पिलांना. प्रमाण एक दिवस घसरले की मधली बॅच निसटते. चिलेटेड तांब्याची, म्हणजे दुसऱ्या रेणूंशी बांधून ठेवलेल्या तांब्याची, मात्रा पूर्णपणे वेगळी असते, त्यामुळे बाटलीवरील सूचना आणि त्या उत्पादनाला लागू पडणारे किट, दोन्ही पाळावे लागतात. तांब्याने मासे मेल्याच्या ज्या कहाण्या मी ऐकल्या, त्यांतील बहुतेकांत मोजमापच झालेले नव्हते.

ज्यांना तांबे नकोच, त्यांनी परजीवीच्या वेळापत्रकाचाच उपयोग करावा. मासा दर 3 दिवसांनी पूर्ण वाळवलेल्या, नव्या पाण्याच्या टँकमध्ये हलवत गेल्यास, असे 4 वेळा केल्यावर तो मोकळा होतो, कारण त्याच्या अंगावरून पडलेले परजीवी फुटायच्या आत मागे राहून जातात. क्षारता हजारी 35 वरून 15-16 वर आणून काही आठवडे ठेवणे, हाही मार्ग आहे, मात्र काही परजीवी-वाण कमी क्षारता सोसतात. शिवाय वेल्वेट हा वेगळा आणि याहून जलद मारणारा रोग या दोहोंनी आटोक्यात येत नाही. अंगावर बारीक भुकटीसारखी झाक दिसली, तर तांब्याकडेच वळावे.

मासे बाहेर असताना मुख्य टँक रिकामा राहतो, म्हणजे त्यात मासे नसतात; कोरल आणि श्रिंप राहू शकतात. प्रयोगशाळेत काही कवचे 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, म्हणून सावधगिरीने 76 दिवसांची मुदत पाळली जाते. ती मोजायची शेवटचा मासा काढला त्या दिवसापासून, आणि मधल्या काळात दुसऱ्या टँकमधले ओले जाळे एकदा जरी त्यात बुडाले, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.