मोठी फर्म की छोटी? त्याआधी विचारा, तुमची फाइल कोण वाचणार

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला, आवाजातच टेन्शन. दोन ऑफर हातात, एक कंपन्यांचे हिशोब तपासणाऱ्या (ऑडिट करणाऱ्या) त्या चार मोठ्या जागतिक फर्मपैकी आणि दुसरी याच कामाच्या आठ-नऊ जणांच्या ऑफिसची, आणि दोन दिवसांत कळवायचं होतं. "मावशी, सगळे म्हणतायत मोठं नाव सोडू नकोस, तू सांग ना." तिला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी रिझल्ट लागले की कोणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि मी दोन्हीकडे काम केलंय, आधी तीन वर्षं छोट्या फर्ममध्ये आणि मग पाच वर्षं मोठ्या.

छोट्या फर्ममध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक पिशवी आली. आत बिलं, चेकबुकांची अर्धुकं, बँकेची स्टेटमेंट्स, आणि हिशोबाची वही म्हणावी असं काहीच नाही. यातून वर्षाचा नफा काढायचा आणि बॅलन्स शीट उभं करायचं. विक्रीचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता, मग सर म्हणाले की अगं वर्षभरात उधारीचे किती पैसे आले ते धर, त्यात शेवटची येणी मिळव आणि सुरुवातीची वजा कर, आली ना उधारीची विक्री. हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलं होतं, पण ते का तसं असतं हे त्या दिवशी डोक्यात बसलं.

दुसरी आठवण बँक रिकोची, म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवण्याची. कॅश बुक आणि बँक स्टेटमेंट काही केल्या जुळेना, 180 चा फरक, मी दुपारपासून एकेक एंट्री टिक करत बसले होते. सर खुर्ची ओढून शेजारी बसले, माझ्या हातातलं पेन काही घेतलं नाही, फक्त म्हणाले, "फरकाला 9 ने भाग जातो का बघ." गेला. "मग आकडे उलटसुलट झालेले असणार, तशी एंट्री शोध." पाचव्या मिनिटाला सापडली, 5,427 चं 5,247 झालं होतं. आणि पुढे म्हणाले की भाग नसता गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, जमेची एंट्री नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. आता सॉफ्टवेअर आलं, बँक फीड आपोआप येतो, तरी हाताने टाईप केलेलं शेड्यूल जुळत नसेल तर मी आजही आधी 9 ने भागून बघते.

मग मोठ्या फर्ममध्ये गेले. पहिलं काम एका अवाढव्य कंपनीचं ऑडिट, आणि माझ्या वाट्याला आलं काय तर फिक्स्ड असेट्समधली वाढ, म्हणजे वर्षभरात घेतलेली मशिनरी, इमारती वगैरे. यादीतून सॅम्पल काढायचे, बिल बघायचं, मशीन जागेवर आहे का बघायचं, डेप्रिसिएशन (घसारा) परत मोजायचं. सहा आठवडे. कंपनीला नफा झाला की तोटा हे मला थेट सही झालेल्या रिपोर्टमधून कळलं. सुरुवातीला फार राग यायचा, वाटायचं तीन वर्षं मी पूर्ण बॅलन्स शीट केली ती काय यासाठी.

पण तिथे एक गोष्ट झाली ती सांगते. मी बँक बॅलन्सचं कन्फर्मेशन, म्हणजे खात्यात एवढे पैसे आहेत असं बँकेचं पत्र, फाइलला लावलं होतं, व्यवस्थित लेटरहेड, सही, शिक्का, आकडा पैशापर्यंत बरोबर. माझं काम तपासणाऱ्या मॅनेजरचा एका ओळीचा शेरा, रिव्ह्यू पॉइंट, आला, "हे पत्र तुझ्या हातात कोणी दिलं?" क्लायंटच्या अकाउंटंटने दिलं होतं. मॅनेजर मला बाजूला घेऊन बसली आणि म्हणाली की ज्याचे हिशोब तपासतोय त्याच्याच हातून आलेला पुरावा पुरावा म्हणून किती टिकेल याचा विचार कर, बँकेचं उत्तर सरळ ऑडिटरकडे यायला हवं, मधे क्लायंट नको. ऑडिटिंग स्टँडर्ड 505 हेच सांगतं, मी ते पाठही केलं होतं, तरी हातून चूक झालीच. परत पत्र पाठवलं, दहा दिवस गेले. वर्किंग पेपरचंही, म्हणजे तपासणीच्या नोंदींचंही, तेच, स्टँडर्ड 230 म्हणतं की त्या कामाशी आधी काही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला सुद्धा फाइल वाचून कळलं पाहिजे की काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कसा काढला. छोट्या फर्ममध्ये हे सगळं सरांच्या डोक्यात असायचं, कागदावर उतरायचं नाही.

म्हणून मला वाटतं प्रश्न आकाराचा कमी आणि रिव्ह्यूचा जास्त आहे. माझी एक मैत्रीण छोट्या ऑफिसात लागली, तिथे पार्टनर फक्त सही करायला यायचे, तिला पेरोल (पगाराचा हिशोब) येतो म्हटल्यावर तीन वर्षं पेरोलच दिला, छोटी फर्म असली की सगळं शिकायला मिळतं हे तिच्या बाबतीत साफ खोटं ठरलं. आणि मोठ्या फर्ममध्येही मी अशा टीम बघितल्यात जिथे दर चार महिन्यांनी सीनियर बदलतो, रिव्ह्यू पॉइंट म्हणजे "अपडेट करा" एवढंच, पोरं मागच्या वर्षीची फाइल कॉपी करून तारखा बदलतात. दोन वर्षांनी त्यांना विचारा की हा सॅम्पल एवढाच का घेतला, तर सांगता येत नाही. ही पोरं हुशार असतात हो, त्यांची ती दोन वर्षं कोणीतरी वाया घालवलेली असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावाचं वजन असतं, नाकारत नाही. रेझ्युमेवर दिसतं, पुढची दारं लवकर उघडतात, आणि मोठ्या लिस्टेड कंपन्यांच्या फायनान्समध्ये जायचं असेल, ग्रुपचं कन्सॉलिडेशन (सगळ्या कंपन्यांचे हिशोब एकत्र) करायचं असेल, तर सरळ मोठ्या फर्ममध्येच जा. 2019 पासून आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशोब मानकामुळे बहुतेक लीज (भाडेकरार) बॅलन्स शीटवर आल्या, तेव्हा ज्यांनी हजारो करार असलेल्या कंपनीत ते काम केलं त्यांना जे कळलं ते छोट्या फर्ममध्ये बसून मला कळलं नसतं. पण नाव म्हणजे आयुष्यभराची हमी असं कोणी समजू नये. एकेकाळी या मोठ्या फर्म आठ होत्या, 1989 च्या दोन विलीनीकरणांनी सहा झाल्या, 1998 मध्ये पाच, आणि 2002 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या हिशोब घोटाळ्यानंतर तिची ऑडिटर आर्थर अँडरसन कोसळली तेव्हा चार उरल्या. 2005 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अँडरसनला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला, पण तोवर फर्म उरलीच नव्हती. तिथल्या कित्येकांना दुसरी फर्म शोधावी लागली, आणि नव्या ठिकाणी उपयोगी पडलं ते हातातलं कामच.

पगार, तास यावर जास्त लिहीत नाही. सीझनमध्ये दोन्हीकडे रात्र होते.

रिव्ह्यू करणारा माणूस दोन्हीकडे सारखाच चांगला असेल तर मी अजूनही आधी छोटी फर्म म्हणेन. एकदा पिशवीभर बिलांपासून बॅलन्स शीटपर्यंत स्वतः गेलात की पुढे सहा आठवडे एकाच शेड्यूलवर बसलात तरी ते शेड्यूल कुठे जाऊन लागतं हे दिसत राहतं. फक्त नंतर मोठीकडे जाताना आपल्याहून लहान मुलं आपली सीनियर असतात, ते मनाला लावून घेऊ नका.

भाचीला म्हटलं की दोन्हीकडे फोन करून दोनच गोष्टी विचार. मागच्या वर्षी लागलेल्या मुलांनी वर्षभरात नेमकी कोणती कामं केली, आणि माझे पेपर कोण तपासणार, समोर बसून की नुसतं सिस्टममध्ये पॉइंट टाकून? छोट्या ऑफिसातून उत्तर आलं, "ते काय, शिकशील हळूहळू." मोठ्या फर्ममध्ये तिच्या टीमच्या मॅनेजरने वीस मिनिटं वेळ दिला, आठवड्यातून दोनदा ज्युनियरसोबत बसून पॉइंट क्लिअर करतो म्हणाला आणि मागच्या वर्षी लागलेल्या एका मुलीशी बोलायलाही दिलं. सोमवारी ती तिथेच जॉइन होतेय.