नजर चुकवून नव्हे, सांगून निघा

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता धाकट्या बहिणीने मला मुलाला बालवर्गात सोडून कसं निघावं याबद्दलचा एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, उद्यापासून असंच करू ना?" पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज मला चौथ्यांदा येत होता. मी उत्तर लिहीपर्यंत ती झोपली होती, आणि सकाळी तिने तसंच केलं. अडीच वर्षांची भाची कोडं जुळवत बसलेली असताना बहीण तिची नजर चुकवून वर्गाबाहेर पडली. त्या दिवसापासून ती पोर घरात आईला बाथरूमचं दार लावू देईना. रात्री दोन-दोनदा उठून आई शेजारी आहे ना, हे हात लावून बघायला लागली.

मेसेजात लिहिलंय ते थोडक्यात असं: दारात रडणारं मूल म्हणजे लाडावलेलं मूल. निरोप घेत बसू नका, लक्ष नसताना निघा. "रडलास तर आई न्यायला येणार नाही" अशी तंबी द्या. तीन दिवसांत रडणं थांबतं, थांबलं की मूल रुळलं. दारात रेंगाळू नका. घरची वस्तू सोबत देऊ नका. खाली "बालमानसतज्ज्ञांचा सल्ला" अशी ओळ आहे, पण तज्ज्ञाचं नाव कुठेच नाही. मी चौदा वर्षं बालवर्गात शिकवते, आणि दरवर्षी पहिले दोन-तीन आठवडे याच दारात उभी असते. म्हणून गप्प बसवत नाही.

लाडाचं आधी सांगते. आईपासून दूर होताना रडणं साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं, दहा ते अठरा महिन्यांत सगळ्यात जोरात असतं आणि बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरत जातं. ही वाढीची पायरी आहे. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ लिझलोट आनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळणाघरात नव्याने जाणारी १५ महिन्यांची ७० मुलं अभ्यासली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आईशी ज्यांचं नातं भक्कम होतं, तीच मुलं आई गेल्यावर जास्त रडली. म्हणजे मेसेज ज्याला लाडाचा दोष म्हणतो, ते बऱ्याचदा घट्ट नात्याचं लक्षण असतं. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली. तीन आठवडे ती स्वतःलाच दोष देत होती.

आता गुपचूप निघण्याबद्दल. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो त्या क्षणापुरता लागू पडतो. मूल रडत नाही, आई सुटते, वर्गात शांतता असते. पण पाच मिनिटांनी मूल मान वर करतं आणि आई नसते. त्याने यातून काय शिकावं? की आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते. मग दुसऱ्या दिवशी ते खेळात रमेल कशाला? ते आईच्या बोटाला धरून बसेल, आणि आपण म्हणू, बघा किती चिकट झालंय. शिवाय वर्गातल्या ताईंवरचा विश्वासही जातो, कारण आई गेली तेव्हा त्यांनी थांबवलं नाही, सांगितलंही नाही, हे त्या मुलाला कळतं.

सांगून निघालात तर मूल रडेल, पण ताईंच्या कडेवर रडेल. त्याला कुणीतरी जवळ घेतलेलं असेल. या वयात "दोन तासांनी येते" याचा अर्थ कळत नाही. "गाणी होतील, खाऊ होईल, मग मी येईन" हे कळतं, कारण एकामागून एक काय होतं ते मुलांना समजतं. आणि खाऊनंतर म्हटलंत तर खाऊनंतरच दारात उभे राहा.

तंबीबद्दल तर मला संयमाने लिहिणंही जड जातंय. आई परत येणार नाही, हीच त्या मुलाची भीती आहे, आणि आपण आपल्या तोंडाने तिच्यावर शिक्कामोर्तब करायचं? माझ्या वर्गात असं एक मूल आलं होतं. ते रडायचं नाही. दप्तर छातीशी धरून दाराकडे तोंड करून बसायचं, आणि पाणी देऊ केलं तरी आधी विचारायचं, "मी रडलो नाही ना?" ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान ती ओळ तरी काढून टाकावी.

तीन दिवसांचं गणित कुठून आलं कोण जाणे. त्याच बर्लिनच्या अभ्यासात आईशिवायच्या पहिल्या नऊ दिवसांत मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, आई गेल्यानंतरच्या तासाभरात घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी जास्त भरलं. आणि आई-मुलाच्या ताटातुटीचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी फार पूर्वी दाखवून दिलंय की दीर्घ ताटातुटीत मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं. ती निरीक्षणं इस्पितळात आईविना राहिलेल्या मुलांची होती, दोन तासांच्या वर्गाशी त्यांची बरोबरी मी करणार नाही. पण गप्प झालं म्हणजे रुळलं, हे समीकरण तेव्हापासूनच चुकीचं ठरलंय. रुळलेलं मूल खेळतं, खातं, ताईंना काहीतरी दाखवायला आणतं. ते बघा.

एक गोष्ट मान्य करावी लागते. दारात रेंगाळू नका, हे बरोबर आहे. पाच वेळा निरोप घेणं, निघून खिडकीतून डोकावणं, हुंदका ऐकून परत येणं, याने मुलाचा जीव टांगणीला लागतो. निरोप छोटा हवा, रोज तोच हवा. पण छोटा निरोप आणि निरोपच नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्तूबद्दल एवढंच, की आईचा रुमाल खिशात असला तर काही बिघडत नाही, द्या. महिनाभरानंतरही मूल तसंच कासावीस होत असेल, रोज निघताना पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आनर्ट यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: ज्या आयांनी सुरुवातीला जास्त दिवस मुलाबरोबर थांबून त्याला रुळवलं, त्यांच्या मुलांचं आईशी नातं भक्कम राहिलं किंवा भक्कम झालं. बहिणीने तेच धरलं. आठवडाभर ती वर्गात कोपऱ्यात बसली. मग सांगून दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग खाऊपर्यंत. भाची अजूनही दारात रडते, चारेक मिनिटं, ताईंच्या कडेवरून आईला हात हलवत. बाथरूमचं दार मात्र आता लावता येतं.