नव्वद दिवस आणि सात वर्षं

काकू दर रविवारी फोन करतात. इकडे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये माझा सकाळचा चहा उकळत असतो, तिकडे त्यांची जेवणाची भांडी आवरलेली असतात. गेल्या रविवारी त्यांनी एक नोटीस वाचून दाखवली. विकास सोसायटीचं पीककर्ज थकलंय, कर्जदाराने समक्ष हजर राहावं. कर्जदार म्हणजे माझे धाकटे काका. पाच वर्षांपूर्वी कराडला बियाणं आणायला म्हणून सकाळच्या एसटीत बसले, ते घरी आलेच नाहीत.

"समक्ष कुणाला नेऊ रे आता?" काकूंनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

पोलिसांत 'मिसिंग' दाखल आहे, पण मृत्यूचा दाखला नाही, म्हणून सातबाऱ्यावर वारस नोंद नाही. बँकेतलं खातं काकांच्या एकट्याच्या नावावर, त्याला काकूंचं वारस म्हणून नाव आहे, पण ते मेल्यावर लागू. विहिरीवरची मोटर जळली तेव्हा काकूंनी पाटल्या मोडल्या. खात्यात उसाचं बिल पडून होतं.

इथून रेल्वेने अर्ध्या तासावर यॉर्क आहे. तिथल्या विद्यापीठात शेफ असलेली क्लॉडिया लॉरेन्स, वय 35, 18 मार्च 2009 च्या संध्याकाळी आईवडिलांशी फोनवर बोलली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या पाळीला ती पोचलीच नाही. पासपोर्ट आणि बँकेची कार्डं घरात होती. मोबाइल आणि पाठीवरची सॅक नव्हती. पोलिसांनी खुनाच्या संशयाने तपास केला, अटका झाल्या, पण 2016 मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरण्याइतका पुरावा नाही असं ठरवलं. 2021 मध्ये सँड हटनजवळच्या खडीच्या जुन्या खाणींमधल्या तळ्यांत पुन्हा शोध झाला. ती आजही सापडलेली नाही. दरम्यान इथल्या काही वर्तमानपत्रांनी तिच्या खाजगी आयुष्याची जी चिरफाड केली, ती वाचताना मला आपल्याकडच्या पारावरच्या गप्पा आठवल्या. माणूस हरवलं की त्याची अब्रू सगळ्यांची होते, इथेही.

फरक पडला तो तिच्या वडिलांमुळे. पीटर लॉरेन्स स्वतः वकील. मुलीचं घर, कर्ज, बँकेचे व्यवहार तिच्या वतीने सांभाळायची सोयच कायद्यात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मुलगी मेली असं म्हणायला त्यांचं मन तयार नव्हतं. त्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. 2017 मध्ये संसदेने कायदा केला आणि तो 31 जुलै 2019 पासून लागू झाला. लोक त्याला 'क्लॉडियाचा कायदा' म्हणतात. माणूस बेपत्ता होऊन 90 दिवस झाले की घरच्यांना न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागता येते, ती जास्तीत जास्त चार वर्षांची. पालकाने हरवलेल्या माणसाच्या हिताचाच व्यवहार करायचा, आणि त्याच्यावर सरकारी देखरेख असते. कुणालाही मृत ठरवावं लागत नाही. पीटर 2021 च्या फेब्रुवारीत गेले, मुलीचं काय झालं हे न कळताच.

आपल्याकडे? सात वर्षं. ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. हा नियम इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात घातला, कलम 108. इंग्लंडमध्येही सात वर्षांचा नियम आहे, पण त्यांनी त्याच्या शेजारी नव्वद दिवसांचं दार उघडलं. आपण 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आणला, आणि कलम 108 चं कलम 111 झालं. आशय तोच. शिवाय सात वर्षं काढली तरी सुटका पूर्ण नाही. आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणूस कधी मेला हे या नियमावरून ठरत नाही. म्हणजे घरच्यांनी तोवर विम्याचे हप्तेही भरत राहायचे.

महाराष्ट्रात बेपत्ता माणसांवर चर्चा होते, नाही असं नाही. मार्च 2023 या एका महिन्यात राज्यातून 2200 मुली बेपत्ता झाल्या असं राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी सांगितलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. एक बाजू म्हणाली, कायदा-सुव्यवस्था कोलमडली. दुसरी म्हणाली, बहुतेक जणी परत येतात, प्रेमप्रकरणं असतात. मला दोन्ही बाजूंचा राग आला. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली असेल तर तो तिचा हक्क आहे. इथले पोलीस अशा व्यक्तीला शोधून काढतात, ती सुखरूप आहे एवढंच घरी कळवतात. तिची संमती नसेल तर पत्ता देत नाहीत. आपल्याकडे अजून तिला कुणाच्या 'ताब्यात' द्यायची हीच भाषा. आणि जिच्या किंवा ज्याच्या मागे घर खोळंबलंय, त्या घराचा विषय या गदारोळात निघालाच नाही. काकांच्या वयाच्या पुरुषाबद्दल तर कुणी बोलतच नाही.

भाऊबंदकीत असला कायदा जमीन लाटायला वापरतील, असं माझा चुलत भाऊ म्हणतो. त्याची भीती खोटी नाही, आमच्याच भावकीत तसे लोक आहेत. म्हणूनच न्यायालय, हिशेब, मुदत हे सगळं हवं. पण इथल्यासारखं थेट उच्च न्यायालय नको, काकूंना ते परवडायचं नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात काम व्हायला हवं. कोमात गेलेल्या नवऱ्याच्या व्यवहारांसाठी बायकोला पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेच आहेत. तो माणूस खाटेवर दिसतो, आमचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तोवर मी काकूंना सोसायटीला द्यायचं उत्तर फोनवर सांगितलं, मिसिंगच्या नोंदीची प्रत जोडायला सांगितली. त्यांनी सावकाश लिहून घेतलं. शेवटी विचारलं, खाली सही कुणाची करू? तुमची करा, मी म्हणालो. आणि नातं? पत्नी लिहा, काकू.