भावकीच्या ग्रुपवर नाव कमवायचं असेल तर

सकाळी तोंड धुवायच्या आत कुणावर तरी चिडायचं, न चिडणाऱ्या माणसाला ऑनलाईन कुत्रं विचारत नाही राव. हे मी मनाचं सांगत नाही, 2017 पासून फेसबुकनं लाईकला एक मार्क धरला तर रागाच्या लाल तोंडाला पाच धरले होते, म्हणजे चिडकी पोस्ट जास्त लोकांपुढं. (बदामालाही पाचच होते, पण बायकोच्या फोटोवर बदाम टाकायचा, तोपण अख्ख्या भावकीदेखत, एवढी छाती साताऱ्यात कुणाची?) पुढं रागाचे मार्क काढून घेतले त्यांनी, पण आपल्याला लागलेली सवय कोण काढणार.

चिडायच्या आधी साहेब आज कुठल्या पक्षात आहेत ते तेवढं बघून घ्या. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी, काल ज्याला स्टेटसवर दैवत केलं तो आज गद्दार निघायचा, स्टेटस 24 तासांत जातं खरं पण चुलतभाऊ स्क्रीनशॉट मारून ठेवतो. पवारांची 18 ऑक्टोबर 2019 ची पावसातली सभा आपल्या साताऱ्यातलीच, तर बिनधास्त लिहायचं, 'मी पुढच्याच रांगेत होतो, पार भिजलेलो'. खाली चुलतभाऊ येणारच, 'तू तवा पुण्यात होतास की'. त्याला सोडायचं नाही, आजोबांच्या वाटणीपर्यंत जायचं. दोन्हीकडचे नेते परवा एका लग्नात एकाच सोफ्यावर बसून जिलेबी खात होते, तो फोटो आला तर झूम करू नका, उगाच जिवाला लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड 2018 पासून एका वेळी पाचच ठिकाणी जातो, लई फिरलेला असला तर 2020 पासून एकाच. घाबरू नका, एकेकाला पाठवा, रिटायर माणसाला काय घाई.

आता घरचं. वाटणीचा विषय ऐन रंगात आलेला असताना बायकोचा मेसेज येतो, 'पोरगी पास झाली, येताना मोती चौकातनं कंदी पेढे आणा'. ब्लू टिक आधीच बंद करून ठेवलेली बरी, नाहीतर वाचून उत्तर का नाही म्हणून जेवणापर्यंत पुरतं. अंगठा द्या, पुरे झाला. पोरीला फोन करत बसू नका, त्यात कुणाला काय दिसतंय? पेढ्याचा फोटो काढा, शेजारी साहेबांचा फोटो जोडा, ब्लू टिक परत चालू करा (ती बंद असली तर कुणी बघितलं तेच दिसत नाही), 'लेकीचा अभिमान' लिहून स्टेटस टाका आणि कुणीकुणी बघितलं ते दर पाच मिनिटांनी तपासा. लेकीचं नाव त्यात दिसणार नाही, तिनं तुम्हाला कधीच म्यूट केलंय, साहेबांच्या पीएनं बघितलं का ते बघा.