रिपोर्ट नॉर्मल आहे, पण तपासलं काय?

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे ऐकूनही त्रास जात नसेल, तर सेकंड ओपिनियन घ्यावंच. मात्र बरेच जण तीच फाइल तशीच दुसऱ्या डॉक्टरांपुढे सरकवतात. वरच्याच कागदावर पहिलं निदान असतं आणि विचार पुन्हा त्याच दिशेनं जातो. म्हणून ‘आधीच्यांनी ॲसिडिटी सांगितलीय’ हे शेवटी सांगा. आधी त्रास सांगा: कधीपासून, कुठल्या वेळी, किती मिनिटं, कशानं वाढतो. ‘दम लागतो’ यापेक्षा ‘महिन्यापूर्वी दोन जिने सहज चढायचो, आता पहिल्यावरच थांबतो’ यातून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

धडधड आठवड्यातून एकदाच होत असेल, तर 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) बहुतेक वेळा नॉर्मलच येणार. यंत्र लावलेलं असताना धडधड झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे जास्त दिवसांचं मॉनिटरिंग लागतं. छातीत दुखताना काढलेला पहिला ईसीजी ठीक आला तरी हार्ट अटॅक नाही असं ठरत नाही. म्हणून तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का, हे दाखवणारी रक्ततपासणी) काही वेळानं पुन्हा करतात. गाठ हाताला लागतेय आणि मॅमोग्राफी स्वच्छ, तरी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी हवीच.

जुने रिपोर्ट कृपा करून टाकू नका. समजा, एखाद्या पुरुषाचं हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी 14.2, गेल्या वर्षी 13.3, आता 12.4. आजचा आकडा एकटा पाहिला तर ‘थोडं कमी आहे, गोळ्या घ्या’. तिन्ही ओळीनं लिहिले की घसरण दिसते. त्यात एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 80 च्या खाली आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) कमी असेल, तर पन्नाशीच्या पुढचा पुरुष किंवा पाळी गेलेली बाई यांच्यात रक्त पोटातून-आतड्यातून जातंय का, हे शोधायला हवं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर येतो आणि कारण आत तसंच राहतं. न तपासता ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून दिलेलं रक्तही याच माळेतलं.

सीटी, एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी मागा. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला मूळ प्रतिमा हव्या असतात. बायोप्सी असेल तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा), दोन्ही. ब्लॉक लॅबकडे असतो, सहसा लेखी अर्ज केल्यावर मिळतो.

‘हे टेन्शनमुळे होतंय’ असं सांगितलं गेलं (बायकांना जरा जास्तच सांगितलं जातं, हे माझं स्पष्ट मत), तर वाद घालू नका. शांतपणे विचारा: दुसरं काय असू शकतं? त्यातलं काय कुठल्या तपासणीनं बाद केलं? किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचं? उत्तर फाइलवर लिहून मागा. लिहायचं म्हटलं की डॉक्टरही पुन्हा एकदा विचार करतात.

डॉक्टरांना राग येईल ही भीती मला पटत नाही. चांगले डॉक्टर स्वतःच कागद काढून देतात. पण दोघांनी स्वतंत्रपणे, कारणं देऊन एकच सांगितलं, तर नवीन लक्षण दिसेपर्यंत तिसरं दार ठोठावू नये.

आणि तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं ही स्ट्रोकची (पक्षाघाताची) लक्षणं, यात सेकंड ओपिनियन वगैरे काही नाही. सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवून थेट इमर्जन्सीत जा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.